हृदयाची वीज मोजणारा वैद्य

बायोमेडिकल इंजिनीअरिंग, अर्थात जैववैद्यकीय अभियांत्रिकी, या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले दिसतात. एक इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅनिकल शाखेतून आलेला अभियंता, तर दुसरा एमबीबीएस होऊन आलेला डॉक्टर. पहिल्याला सर्किट पाहताक्षणी उमगते. पण हृदयाच्या झडपा कोणत्या क्रमाने उघडतात आणि मिटतात, हे त्याला मुळापासून शिकावे लागते. दुसऱ्याला झडपांचे आवाज परिचयाचे असतात. पण बारावीनंतर कायमचे सुटले असे वाटलेले गणित पुन्हा समोर आले की त्याची दमछाक होते. दोघांच्याही मनात एकच शंका असते. या दोन वर्षांनंतर आपण नेमके कोण असणार? धड अभियंता नाही आणि धड वैद्यही नाही, अशी तर आपली गत होणार नाही ना?

ही शंका खोटी नाही. मात्र ही पदवी अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी एका डच वैद्याने हाच प्रवास कोणत्याही अभ्यासक्रमाच्या आधाराविना केला होता. त्या प्रवासाचे फळ म्हणजे आज गल्लीतल्या दवाखान्यापासून अतिदक्षता विभागापर्यंत सर्वत्र निघणारा ईसीजी. ईसीजीच्या पट्टीवरील रेघ सर्वांच्या परिचयाची आहे; ती रेघ प्रथम अचूकपणे उमटवणारे व्हिलेम आइंटहोव्हेन मात्र आपल्याकडे फारसे परिचित नाहीत.

जावा बेटावरून उट्रेख्टला

आइंटहोव्हेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग या शहरी झाला. आजच्या इंडोनेशियाचा हा भाग तेव्हा डचांच्या ताब्यात होता. वडील याकोब हे आधी लष्करात आणि पुढे शहरात वैद्य होते. आई लुईस ही तेथील वसाहतीच्या अर्थखात्याच्या प्रमुखाची कन्या. तीन बहिणी व तीन भाऊ अशा सहा भावंडांत व्हिलेम तिसरे आणि मुलग्यांत थोरले. ते सहा वर्षांचे असताना वडील निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, १८७० साली, सहाही मुलांना घेऊन आई मायदेशी परतली आणि उट्रेख्ट येथे स्थायिक झाली.

घरात कर्ता पुरुष नव्हता आणि मुले सहा. उच्च शिक्षणाचा खर्च झेपण्याजोगा नव्हता. त्या काळी एक वाट खुली होती. ईस्ट इंडीजमध्ये लष्करी वैद्य म्हणून नोकरी करण्याचे बंधन पत्करले, तर शिक्षणाचा भार सरकार उचलत असे. व्हिलेम यांनी ती वाट धरली आणि उट्रेख्ट विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासाला आरंभ केला. वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून पुन्हा जावाला जायचे, असाच त्यांचा भावी आयुष्यक्रम जवळजवळ ठरून गेला होता.

उट्रेख्टमध्ये त्या वेळी दोन मोठी माणसे होती. एक फ्रान्सिस्कस डोंडर्स, नेत्रवैद्यक व शरीरक्रियाशास्त्र यांतील युरोपभर मान्यता पावलेले आचार्य. दुसरे हेरमान स्नेलेन. डोळे तपासताना भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावरील लहान-मोठी अक्षरे आपण वाचतो, तो तक्ता त्यांचाच. व्हिलेम यांनी स्नेलेन यांच्या नेत्ररुग्णालयात साहाय्यक म्हणून काम केले. माणसाचे इंद्रिय हे एक मोजता येण्याजोगे यंत्र आहे, ही दृष्टी त्यांना येथे लाभली. डोळ्याचे भिंग, प्रकाशाचे वक्रीभवन, दृष्टीची तीक्ष्णता, या साऱ्या गोष्टी आकड्यांत मांडता येतात हे ते रोज पाहत होते.

व्हिलेम अभ्यासात बुडून गेलेले विद्यार्थी मात्र नव्हते. व्यायाम, पट्टा-तलवारीचा पाश्चात्त्य खेळ आणि नौकानयन यांची त्यांना विलक्षण आवड. उट्रेख्टच्या विद्यार्थ्यांच्या नौकानयन संघाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. असाच व्यायाम करताना एकदा पडून त्यांचे मनगट मोडले. सक्तीच्या विश्रांतीत ते आपल्याच हाताच्या हालचाली न्याहाळू लागले. तळहात उलटा-सुलटा करताना कोपर आणि खांदा नेमके काय करतात, या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्यातूनच कोपराच्या सांध्याच्या यंत्रणेवरील त्यांचा पहिला शोधनिबंध सिद्ध झाला. आज हा विषय ‘बायोमेकॅनिक्स’ या नावाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवला जातो. डोंडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८८५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. एकाच पातळीवर असलेले तांबडे आणि निळे रंग डोळ्यांना कमी-अधिक अंतरावर का भासतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

पंचविसाव्या वर्षी प्राध्यापक

त्याच वर्षी लायडेन विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे अध्यासन रिक्त झाले आणि त्यावर पंचवीस वर्षांच्या आइंटहोव्हेन यांची निवड झाली. वैद्यकाची अखेरची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८६ च्या आरंभी ते रुजू झाले. लष्करी सेवेचे बंधन सोडवून घेण्यासाठी शिक्षणावरचा सरकारी खर्च मात्र त्यांना परत करावा लागला. जावाला जाण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला. पुढील एकेचाळीस वर्षे, मृत्यूपर्यंत, त्यांनी हे अध्यासन सोडले नाही. १८८६ मध्येच आतेमामे-चुलत नात्यातील फ्रेडरिक डी व्होगेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन मुली व एक मुलगा अशी चार अपत्ये झाली.

लायडेनला येताच त्यांना आपली उणीव जाणवली. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात गणित आणि भौतिकी जेवढे शिकवले जाई, तेवढ्यावर त्यांना अभिप्रेत असलेले संशोधन होण्यासारखे नव्हते. प्राध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे, तेही दुसऱ्या विद्याशाखेचा, ही गोष्ट सोपी नसते. आइंटहोव्हेन यांनी ती केली. कलनशास्त्राचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केला. याच विद्यापीठात हेंड्रिक लोरेंट्झ हे थोर भौतिकशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते. त्यांच्या सहवासाचा लाभही त्यांना झाला. भौतिकीच्या तज्ज्ञाला बोलावून त्याच्याकडून आकडेमोड करून घेण्याचा पर्याय त्यांच्यापुढे खुला होता. पण आपल्या प्रश्नाचे गणित आपल्यालाच मांडता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो किती योग्य होता, हे पुढील दहा वर्षांत स्पष्ट झाले.

पाऱ्याचा आळस

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वीज निर्माण होते, ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. १८५६ साली क्योलिकर आणि म्युलर या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या धडधडत्या हृदयावर दुसऱ्या बेडकाचा मज्जातंतू ठेवून, प्रत्येक ठोक्याला त्याला जोडलेला स्नायू आकसतो हे दाखवून दिले होते. माणसाच्या बाबतीत ही वीज छाती न उघडता नोंदवण्याचे श्रेय लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील ऑगस्टस वॉलर यांचे. १८८७ साली त्यांनी माणसाचा पहिला हृद्‌विद्युत् आलेख प्रसिद्ध केला. पुढे ते आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय खाऱ्या पाण्यात ठेवून हा प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखवीत. १८८९ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांत तरुण आइंटहोव्हेनही होते.

वॉलर यांचे उपकरण कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर या नावाने ओळखले जाई. केसासारख्या बारीक काचनळीत पारा आणि त्यावर विरल गंधकाम्ल. विजेचा दाब बदलला की पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो आणि त्याची कड नळीत वर-खाली सरकते. तिची सावली सरकत्या छायाचित्र-काचेवर घेतली की आलेख तयार. कल्पना सुंदर होती, पण पारा जड आणि मंद. हातापायांपर्यंत पोहोचणारी हृदयाची वीज जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे विजेरीतील साध्या सेलच्या दीड हजाराव्या हिश्शाइतकी. शिवाय तिचे चढउतार सेकंदाच्या काही शतांशांत होऊन जातात. पारा तेवढ्या वेगाने हलूच शकत नसे. तो एका लाटेमागे धावेपर्यंत पुढची लाट येऊन गेलेली असे. त्यामुळे वॉलर यांच्या आलेखात दोनच गुळगुळीत उंचवटे दिसत.

बहुतेकांना ते पुरेसे वाटले. हृदयात वीज आहे हे सिद्ध झाले होते, आलेखही मिळाला होता. आइंटहोव्हेन यांचा प्रश्न वेगळा होता. समोर दिसणारी रेघ हृदयाची किती आणि पाऱ्याची किती, हे त्यांना ठरवायचे होते. आज पदव्युत्तर वर्गात मापनशास्त्र शिकवताना पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारला जातो: उपकरण जे दाखवते आणि शरीरात जे घडते, यांत अंतर किती?

त्यांनी आधी परिसरातील उपद्रव दूर करण्याचा प्रयत्न केला. लायडेनच्या फरसबंद रस्त्यांवरून घोडागाड्या धावू लागल्या की प्रयोगशाळेची जमीन थरथरे आणि पाऱ्याची कड नाचू लागे. प्रयोगशाळेची जमीन उखडून, खोल खड्डा खणून त्यात मोठमोठे दगड भरून त्यांनी उपकरणासाठी वेगळा पाया घातला. त्यानेही कंप पुरता थांबेना. मग ते गणिताकडे वळले. पारा किती मंद आहे हे जर अचूक ठाऊक असेल, तर त्याने काढलेल्या चुकीच्या आलेखावरून मूळ, खरा आलेख गणिताने परत मिळवता येईल. प्रत्येक बिंदूपाशी वक्राचा उतार मोजून त्यानुसार दुरुस्ती करत जायची, असे हे किचकट काम होते. संगणकाच्या काळात हे काम क्षणार्धात होते; तेव्हा एकेका ठोक्यासाठी कागदावर तासन्‌तास आकडेमोड करावी लागे.

१८९५ साली प्रसिद्ध झालेल्या या दुरुस्त आलेखात दोनांऐवजी पाच लाटा दिसल्या. जुन्या, न दुरुस्त केलेल्या आलेखावरील उंचवट्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिलेली होती. घोटाळा होऊ नये म्हणून आइंटहोव्हेन यांनी नव्या लाटांसाठी वर्णमालेच्या उत्तरार्धातील अक्षरे घेतली: पी, क्यू, आर, एस, टी. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेली ही अक्षरमाला कागदावरील गणितातून जन्माला आली. त्या लाटा तशाच्या तशा टिपू शकणारे यंत्र तोवर जगात नव्हते.

बाणाने ओढलेला धागा

गणिताने मिळवलेला आलेख खरा आहे, हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी पाऱ्यापेक्षा कितीतरी हलके आणि चपळ साधन हवे होते. त्या काळी प्रचलित असलेल्या गॅल्व्हानोमीटरमध्ये चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचे वेटोळे आणि त्यावर लहानसा आरसा टांगलेला असे. वेटोळ्याचे वेढे वाढवले तर सूक्ष्म वीज कळे, पण वजन वाढून वेग मंदावे. वजन कमी केले तर वेग वाढे, पण सूक्ष्म वीज निसटे. या पेचातून आइंटहोव्हेन यांनी काढलेला मार्ग धाडसी होता. त्यांनी वेटोळेही काढून टाकले आणि आरसाही. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील अरुंद फटीत त्यांनी केवळ एक धागा ताणून बसवला.

हा धागा गारेच्या काचेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा. तो करण्याची रीतही अद्भुत होती. वितळलेल्या क्वार्ट्‌झचा थेंब बाणाला चिकटवून तो बाण धनुष्यातून सोडायचा. बाणामागे काच ताणली जाऊन डोळ्यांना जेमतेम दिसेल असा तंतू तयार होई. त्यावर चांदीचा पातळ मुलामा दिला की तो वीजवाहक बनला. त्याची जाडी सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीच्या व्यासाच्या एक-तृतीयांशाहून कमी. त्यातून हृदयाची वीज वाहू लागली की चुंबकीय क्षेत्रात तो किंचित बाजूला सरके. चुंबकाच्या ध्रुवांना आरपार भोके पाडून, एका बाजूने प्रखर दिव्याचा झोत टाकून आणि दुसऱ्या बाजूने सूक्ष्मदर्शक लावून, त्या धाग्याची शेकडो पट मोठी सावली सरकत्या छायाचित्र-काचेवर पाडली जाई. धाग्याचा ताण कमी-जास्त करून यंत्राची संवेदनशीलता हवी तशी ठेवता येई.

१९०१ साली त्यांनी या तंतू गॅल्व्हानोमीटरचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर त्यावर माणसाचे आलेख घेण्यात आले आणि १९०३ साली सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. यंत्राने प्रत्यक्ष काढलेला आलेख आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी गणिताने मिळवलेला आलेख शेजारी ठेवले असता, दोन्ही जुळले. पाच लाटा, त्याच क्रमाने, त्याच आकाराच्या. आइंटहोव्हेन यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश कोणते असे विचारले, तर या जुळणीकडे बोट दाखवावे लागेल. एका पद्धतीने काढलेले उत्तर दुसऱ्या, पूर्णपणे स्वतंत्र पद्धतीने पडताळून पाहिले गेले होते.

याच निबंधात त्यांनी आलेखाचे प्रमाण ठरवून दिले. एक मिलिव्होल्टला एक सेंटिमीटर उंची आणि एका सेकंदाला २५ मिलिमीटर वेग. त्यामुळे लायडेनमधील आलेख लंडनमधील आलेखाशी ताडून पाहणे शक्य झाले. शतक उलटून गेले, यंत्रे आमूलाग्र बदलली. पण आजही ईसीजीच्या चौकटीच्या कागदावर हेच प्रमाण नेहमी वापरले जाते.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येपर्यंत

हे यंत्र मात्र राक्षसी होते. वजन सुमारे पावणेतीनशे किलो, दोन खोल्या व्यापणारे आणि चालवायला पाच माणसे. विद्युत्‌चुंबक इतका तापे की तो थंड ठेवण्यासाठी सतत पाणी खेळवावे लागे. ज्याचा आलेख घ्यायचा, त्याला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून स्वस्थ बसावे लागे. हृदयरोगाने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला तेथवर आणायचे कसे? यंत्र रुग्णाकडे नेता येत नव्हते आणि रुग्ण यंत्राकडे येऊ शकत नव्हता.

आइंटहोव्हेन यांनी दोहोंमध्ये तार टाकली. सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारांतून हृदयाची वीज आणण्यात आली आणि मार्च १९०५ मध्ये असा पहिला दूरस्थ आलेख उमटला. टेलिमेडिसिन या आजच्या शब्दाचा उगम शोधू गेल्यास लायडेनच्या या तारेपर्यंत जावे लागते. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी निरोगी आणि रोगट हृदयांचे आलेख पद्धतशीर मांडले. हृदयाच्या कप्प्यांची वाढ, अवेळी पडणारे ठोके, वरच्या कप्प्यांची वीज खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनाशी होणे, या साऱ्यांच्या खुणा त्यात होत्या.

तरीही वैद्यकविश्वाने या यंत्राचे उघड्या बाहूंनी स्वागत केले असे नाही. स्वतः वॉलर यांनाही रुग्णालयांत त्याचा व्यापक उपयोग होईल असे कित्येक वर्षे वाटत नव्हते. नाडीवर बोट ठेवून आणि छातीला कान लावून निदान करणाऱ्या पिढीला दोन खोल्यांचे यंत्र हा प्राध्यापकी छंद वाटणे स्वाभाविक होते. हे चित्र पालटण्यास लंडनचे तरुण वैद्य टॉमस लुईस फार मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले. वयाने एकवीस वर्षांनी लहान असलेल्या लुईस यांनी हे यंत्र रुग्णांच्या सेवेत आणले. नाडीची पूर्णपणे बेताल गती हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीमुळे निर्माण होते, हे १९०९ साली त्यांनी आलेखाच्या आधारे दाखवले. त्याच वर्षी व्हिएन्नातील संशोधकही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. लायडेन व लंडन यांच्यात वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. एकाकडे भौतिकी होती, दुसऱ्याकडे रुग्ण होते, आणि एकावाचून दुसऱ्याचे अडते याची दोघांनाही जाणीव होती.

यंत्राच्या निर्मितीची कथा मात्र तितकी सरळ नाही. म्युनिकच्या एडेलमान कंपनीने सुरुवातीला यंत्रे तयार केली आणि आइंटहोव्हेन यांना प्रत्येक यंत्रामागे मानधनही दिले. पुढे ते देणे थांबले. त्यानंतर चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव होरेस डार्विन यांच्या केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने हे काम मनावर घेतले. कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र लहान करत करत मेजावर मावेल असे बनवले. शोध लावणे आणि त्याचे उत्पादन करणे ही दोन निराळी कामे आहेत, हा धडा आजही या क्षेत्रातील प्रत्येक नव्या उद्योजकाला नव्याने शिकावा लागतो.

तीन बाजूंचा त्रिकोण

यंत्र तयार झाल्यावरही आइंटहोव्हेन यांचे समाधान झाले नव्हते. रेघ उमटते, पण तिचा अर्थ काय? १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी एक साधी भूमिती मांडली. दोन हात आणि डावा पाय हे समभुज त्रिकोणाचे तीन कोन मानायचे आणि हृदय त्याच्या मध्यभागी कल्पायचे. मग कोणत्याही क्षणी हृदयातील विजेला एक दिशा आणि एक परिमाण असते. त्रिकोणाच्या तीन बाजूंवर तिच्या ज्या सावल्या पडतात, तेच तीन लीडमधील आलेख. पहिल्या आणि तिसऱ्या लीडमधील मूल्यांची बेरीज दुसऱ्या लीडइतकी भरते, हा नियम त्यातूनच निघतो. तंत्रज्ञाने तारा उलटसुलट जोडल्या असतील तर सावध डॉक्टरला ते आलेखावरूनच कळू शकते, ते या भूमितीमुळे.

शरीर म्हणजे समभुज त्रिकोण नव्हे, हृदयही नेमके मध्यभागी नसते. आइंटहोव्हेन यांना हे ठाऊक होते. पण किती सुलभीकरण केले असता वास्तव हातचे सुटत नाही, हे ओळखण्याची कला त्यांच्यापाशी होती. प्रतिरूप बांधणे, म्हणजे मॉडेलिंग, या नावाने आज शिकवली जाणारी गोष्ट हीच.

नोबेल आणि एक ऋण

ईसीजीच्या यंत्रणेच्या शोधाबद्दल १९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आइंटहोव्हेन यांना जाहीर झाले. त्या वेळी ते अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. बॉस्टनमध्ये वर्तमानपत्रातील बातमी वाचून त्यांना ती थट्टा वाटली आणि वृत्तसंस्थेची तार पाहिल्यावरच त्यांचा विश्वास बसला, असे सांगतात. १९२५ च्या डिसेंबरात दिलेल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी लुईस यांच्या कार्याचा मोकळेपणाने गौरव केला.

त्यांच्या चरित्रकारांनी आणखी एक हकिकत नमूद केली आहे. तंतू गॅल्व्हानोमीटर घडवताना आइंटहोव्हेन यांच्या प्रयोगशाळेत व्हान डे वूर्ट नावाचा एक कुशल यंत्रकारागीर होता. प्राध्यापकांच्या डोक्यातील कल्पना धातूत आणि काचेत उतरवण्याचे काम त्याचे. नोबेल मिळाले तेव्हा तो हयात नव्हता. आइंटहोव्हेन यांनी त्याच्या नातलगांचा शोध घेतला, तेव्हा त्याच्या दोन बहिणी गरिबांसाठीच्या निवाऱ्यात दिवस कंठत असल्याचे कळले. त्यांनी पारितोषिकाच्या रकमेतील वाटा त्या दोघींना दिला. कारागिराचे नाव शोधनिबंधांत सहसा येत नाही. आइंटहोव्हेन यांनी त्याचे ऋण आपल्या परीने फेडले.

त्यांचे चिरंजीव व्हिलेम विद्युत् अभियंते झाले. वडिलांच्या तंतू गॅल्व्हानोमीटरला त्यांनी निर्वात नळीत बसवून बिनतारी संदेश टिपण्यासाठी वापरले आणि ते जावातील बांडुंगच्या रेडिओ प्रयोगशाळेचे संचालक झाले. ज्या बेटावर परतण्याचे बंधन वडिलांनी फेडून टाकले होते, तेथे मुलगा वडिलांचेच यंत्र घेऊन पोहोचला.

दीर्घ आजारानंतर २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडेन येथे आइंटहोव्हेन यांचे निधन झाले. जवळच्याच उख्स्टखेस्ट गावच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तोवर इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे युग सुरू झाले होते आणि त्यांच्या धाग्याची सद्दी संपत आली होती. पुढे छातीवरील लीड आले, हातापायांच्या लीडमध्येही भर पडली आणि आजचा बारा लीडचा ईसीजी सिद्ध झाला. त्यातील पहिले तीन आजही आइंटहोव्हेन यांचेच आहेत.

आजच्या वर्गात

जैववैद्यकीय अभियांत्रिकी ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून विद्यापीठांत रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे स्वतंत्र केंद्र १९८८ साली सुरू झाले. खरगपूरच्या आयआयटीने २००१ साली वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाचे विद्यालय उघडून एमबीबीएस पदवीधरांसाठी तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. ‘गेट’ परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंगची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत शल्यविशारद आणि अभियंत्यांनी मिळून घडवलेली कृत्रिम हृदय-झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. खुद्द लायडेनमध्येही डेल्फ्टचे तांत्रिक विद्यापीठ आणि रॉटरडॅमचे वैद्यकीय केंद्र यांच्या सहकार्याने, वैद्यक आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम २०१४ पासून सुरू झाला.

या अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्यांपुढील अडचणी खऱ्या आहेत. आपल्याकडे या पदवीचे मोल नोकरी देणाऱ्यांना अनेकदा समजावून सांगावे लागते. रुग्णालयांत बायोमेडिकल इंजिनीअर म्हणजे यंत्रे दुरुस्त करणारा, एवढाच समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. डॉक्टर झालेल्याने एमडी-एमएस सोडून इकडे वळणे घरच्यांना पटत नाही. अशा वेळी आइंटहोव्हेन यांचे चरित्र नोकरीची हमी देणार नाही. पण आपली पूर्वतयारी कोणती असावी, हे ते नक्की सांगते. त्यांनी वैद्यक सोडले नाही आणि भौतिकशास्त्रज्ञ म्हणूनही ते मिरवले नाहीत. समोरचा प्रश्न जेवढे गणित मागत होता, तेवढे ते शिकले. जेवढी कारागिरी मागत होता, तेवढी त्यांनी कारागिराकडून आदराने घेतली. आणि रुग्णाविषयीचे ज्ञान आपल्यापेक्षा दुसऱ्याकडे अधिक आहे असे दिसताच त्याच्याशी मैत्री जोडली.

पदव्युत्तर वर्गात पहिल्या सत्रात अडखळणाऱ्या डॉक्टरने हे लक्षात ठेवावे, की कलनशास्त्राशी झुंजणारा त्याच्यासारखाच एक वैद्य लायडेनला प्राध्यापक असतानाच विद्यार्थी झाला होता. आणि सर्किट सहज बांधणाऱ्या अभियंत्याने हे, की त्या वैद्याने यंत्र बांधण्याआधी काही वर्षे केवळ एका प्रश्नावर घालवली होती: ही रेघ हृदयाची आहे की यंत्राची? त्याचे उत्तर हाती आल्यावरच त्याने धाग्यासाठी धनुष्य उचलले.